मल्लूअण्णाचा भारा

आमच्या लवणातल्या, म्हणजे उताराखालच्या खोलगटीतल्या, तळ्याच्या फाटकाशेजारी काळ्या दगडाची एक पाटी आहे. तळं वाचवायला ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं तिच्यावर कोरलीत. माझं नाव वरनं तिसरं आहे. मल्लूअण्णाचं नाव कुठंच नाही. छिन्नी घेऊन पाटीपुढं बसलो तर लोक म्हणतील म्हाताऱ्याला भ्रम झाला. म्हणून हे कागदावर लिहितोय. मी चौथीतनं शाळा सोडली आणि पुढची तीस वर्षं फौंड्रीत वाळूचे साचे ठोकले. अक्षर वाकडं येतंय. नातसून म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." म्हटलं, नको. माझं मी लिहीन.

मल्लूअण्णा आमच्या गल्लीतला म्हशीवाला. लिंगायत गवळी. आजोबाच्या काळात सीमेपलीकडनं कोल्हापुरात आलेलं घर. माणसांशी तो मराठीत बोलायचा आणि म्हशींशी कानडीत. "बा, गंगी, बा" म्हणजे ये. "निल्लु" म्हणजे थांब. माणसांसाठी त्याच्याकडं एकच कानडी शब्द होता, "साकु". म्हणजे पुरे. कुणी लांबण लावली की साकु. पंगतीत कुणी आग्रह केला की साकु. बायको, म्हणजे पारव्वा वैनी, भांडायला उठली तरी साकु. वैनी बायकांत सांगायची, "एका शब्दात चाळीस वर्सं संसार केलाय ह्या माणसानं."

अंगानं बारका. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पाण्यात उतरताना ती डबी तो पाठीवर टाकायचा आणि वर आला की पुढं घ्यायचा. पाय कायम पांढरे आणि सुरकुतलेले असायचे. उन्हाळा असो, दिवाळी असो, त्याचे पाय कधी पुरते वाळलेले मी बघितले नाहीत.

संध्याकाळी तो दोन म्हशी चौकातल्या उंबराखाली आणायचा. आमच्याकडं दूध असंच प्यायची रीत. म्हैस समोर, धार थेट भांड्यात, आणि फेसासकट पेला हातात. पहिली धार अण्णा जमिनीवर सोडायचा. त्याच्याकडं बसून दूध प्यायचं नाही, उभ्यानं प्यायचं. पेला अर्धा ठेवून बोलत बसलेल्याकडं तो असा बघायचा की माणूस गटागटा संपवायचा. तळ्याच्या वरच्या अंगाला नव्वद सालानंतर बंगले उठले. तिथले एक साहेब एकदा आले आणि विचारायला लागले, दुधाला फॅट किती लागते.

अण्णा धार काढता काढता म्हणाला, "पावणं, म्हस हितंच हुबी हाय. तिलाच इचारा."

साहेब हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी परत आले. पेला घेऊन उभे राहिले.

सकाळी सहा म्हशी तळ्याला. गल्लीतनं निघायच्या, मारुतीच्या देवळाला वळसा घालायच्या आणि उतारानं पाण्यात. पुढं गंगी. म्हशी पाण्यात बसल्या, नुसती नाकं वर राहिली, की अण्णाचं दुसरं काम सुरू व्हायचं. तळ्यात केंदाळ माजायचं. तीच ती जांभळ्या फुलांची जलपर्णी, एका रात्रीत हात-हात पसरणारी. अण्णा छातीइतक्या पाण्यात जाऊन दोन्ही हातांनी ते ओढायचा. मुळांसकट, गाळासकट. कवेत मावेल एवढा एक भारा काढायचा, काठावर आणून पसरायचा, आणि मग "साकु" म्हणून पाय धुवायचा. वाळलं की ते उकिरड्यावर जायचं. रोज एक भारा. कमी नाही, जास्त नाही. त्याचा बाप करायचा, म्हणून तो करायचा. त्याच्या बापानं सांगितलेलं, म्हसरं पाण्यात घातली की पाण्याला कायतरी काढून द्यायचं, फुकट यायचं न्हाय.

त्याच्या पोरीच्या लग्नादिवशी वऱ्हाड जयसिंगपूरहून आलेलं. अक्षता टाकायची वेळ झाली आणि नवरीचा बाप गायब. मी शोधत गेलो तर नवं धोतर काठावर घडी घालून ठेवलेलं आणि हा लंगोटीवर पाण्यात.

"अण्णा, वऱ्हाड खोळंबलंय."

"आलो म्हणावं. आजचा ऱ्हायलाय."

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फौंड्रीत असताना माझे दंड असे होते की शंभर किलोचा साचा मी एकटा हलवायचो. त्याचा मला गर्व होता, अजून आहे. एका सुट्टीला मी अण्णाला म्हटलं, "एका भाऱ्याला येवढा वेळ लावतोस? मी दोन काढतो बघ."

"काढ की," म्हणाला.

तो जायचा त्या वाटेनं न जाता मी सरळ घुसलो. आठ-दहा पावलांवर पाय गाळात गेला. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. एक पाय काढायला जोर लावला की दुसरा आणखी खाली. कमरेपर्यंत गाळ आणि गळ्यापर्यंत पाणी. केंदाळाची मुळं पोटाला गुंडाळलेली. ज्या दंडांनी लोखंड हललं ते तिथं काही कामाचे नव्हते. ओरडायची लाज वाटत होती. ती लाज मला खाली घेऊन गेली असती.

अण्णा काठावरनं बघत होता. म्हणाला, "हलू नगंस, मिस्तरी." मग गंगीला कानडीत काहीतरी बोलला. ती म्हैस गाळ तुडवत माझ्यापर्यंत आली आणि पाठ करून उभी राहिली. "शेपूट धर," अण्णा म्हणाला. मी, एवढा मोठा मोल्डर, म्हशीचं शेपूट धरून तळ्यातनं बाहेर निघालो.

काठावर मी अंगावरचा गाळ निपटत बसलो होतो. अण्णानं परत पाण्यात उतरून त्याचा भारा काढला. मी वाट बघत होतो, आता हा हसेल, आता चौकात सांगेल. त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही. वैनीलासुद्धा नाही. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय.

त्यानंतर तळं बिघडत गेलं. हे खोटं नाही. पाणी हिरवं झालं, उन्हाळ्यात वास यायला लागला, एका वर्षी मासे उलटे होऊन काठाला लागले. बंगल्यांचं सांडपाणी एका नाल्यानं थेट तळ्यात यायचं. गल्लीतल्या बायका धुणं धुवायच्या, गणपतीत मूर्ती पडायच्या, आणि अण्णाच्या म्हशींचं शेणही पाण्यात पडायचं. तेही खोटं नाही. अण्णा स्वतः म्हणायचा, "म्हसरू हाय, हागणारच की." मग तळं वाचवायला एक समिती निघाली. तिचे प्रमुख बंगल्यातले एक डॉक्टर. माणूस वाईट नव्हता. पहाटे स्वतः दुर्बीण घेऊन पाखरं बघायला यायचा. पण लवणात खाली उतरायचा नाही, वरच्या रस्त्यावरनंच बघायचा.

समितीला लोकांचं मत पाहिजे होतं. त्यासाठी कॉलेजातली एक मुलगी फॉर्म घेऊन आली. आजऱ्याकडची होती, बोलायला गोड, खांद्याला कापडी पिशवी. संध्याकाळी ती उंबराखाली आली, कारण तिथं माणसं आयती उभी असायची. फॉर्मवर पुष्कळ प्रश्न होते. तळ्याचा उपयोग तुम्ही कशाला करता, पक्षी बघायला आवडतात का. शेवटचा प्रश्न असा, की तळं जपण्यासाठी तुम्ही वर्षाला किती रुपये द्यायला तयार आहात.

आमच्या गल्लीत चुकलं ते इथं. बातमी अशी पसरली की जो आकडा सांगाल तेवढी पट्टी घरपट्टीला लागणार. म्हणून निम्म्या लोकांनी सांगितलं, आम्ही तळं बघितलेलंच नाही. ज्यांच्या बायका रोज तिथं धुणं धुवत होत्या, त्यांनी सांगितलं. उरलेले निम्मे बंगलेवाल्यांच्या बरोबरीनं बोलायला गेले. मी त्यातला. माझ्या आधी फॅटवाले साहेब होते. ते तीनशे म्हणाले. मी विचार केला, हा तीनशे म्हणतोय आणि मी ह्या तळ्याच्या काठावर जन्मलोय. म्हटलं, "पाचशे लिहा."

मुलगी म्हणाली, "नक्की काका? दरवर्षी?"

"शब्द म्हंजे शब्द," मी म्हणालो. फौंड्री तेव्हा बंद पडायला आली होती. घरात ह्या पाचशेचं कुणाला सांगितलं नाही.

मग तिनं अण्णाला विचारलं. तो गंगीच्या पोटाला डोकं लावून धार काढत होता.

"अण्णा, तुम्ही किती द्याल?"

"येक पैसा न्हाय."

चार माणसं हसली. मुलगी गोंधळली. "पण तुम्ही तर रोज तळ्यावर जाता. तळं राहावं असं तुम्हाला नाही वाटत?"

"वाटतंय की."

"मग?"

"पैशानं केंदाळ निघतंय व्हय, बाई? कुणीतरी पाण्यात उतरायला पायजे."

"तुम्ही उतरता?"

"आमचं आम्ही रोज देतोय." त्यानं पेला भरला, तिच्या हातात दिला. "हे घे. उभ्यानं पी."

ती दूध प्याली. मिशीसारखा फेस लागला तो पुसला आणि फॉर्म उलटसुलट करून बघितला. म्हणाली, "इथं फक्त रुपये लिहायला जागा आहे, अण्णा."

"मग न्हाय म्हणून लिही. साकु."

तिनं शून्य लिहिलं. मी शेजारीच उभा होतो, बघितलं. शून्याच्या बाजूला, मोकळ्या जागेत, बारीक अक्षरात तिनं आणखी काहीतरी लिहिलं. दोन ओळी होत्या. ते काय होतं हे मला कधी कळलं नाही, आणि मला वाटतं ते कुणी वाचलंही नाही.

दोन महिन्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. डॉक्टरसाहेबांनी भिंतीवर पडदा लावून आकडे दाखवले. एवढे लोक एवढे द्यायला तयार, तेवढे लोक तेवढे. मग म्हणाले, "खेदाची गोष्ट अशी, की जे तळ्याचा सर्वांत जास्त वापर करतात, त्यांचीच द्यायची तयारी सर्वांत कमी आहे. काहींनी तर चक्क शून्य सांगितलंय." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्या माना मागं वळल्या. अण्णा शेवटच्या बाकावर, पाय चपलेतनं काढून, शांत बसला होता. नंतर डॉक्टरांनी माझं नाव मात्र घेतलं. एक कामगार माणूस पाचशे म्हणतो, याला आस्था म्हणतात. टाळ्या पडल्या. मी उभा राहून नमस्कार केला.

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. हा माणूस रोज काय काढतो ते सांगायला पाहिजे होतं, मला कुणी बाहेर काढलं ते सांगायला पाहिजे होतं. पण ते सांगायचं तर शेपटासकट सांगावं लागलं असतं, आणि टाळ्या नुकत्याच पडल्या होत्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तू सांगायचंस की भाऱ्याचं."

"ते काय सांगायचं असतंय?" म्हणाला. "आंघोळ केली म्हणून कोण सांगत फिरतंय?"

समिती पैसे गोळा करायला निघाली तेव्हा फौंड्रीला टाळं लागलेलं होतं. बंगल्यांतनंही फारसं काही निघालं नाही. कागदावर बोललेले आकडे कागदावरच राहिले. डॉक्टर माझ्या दारात आले. मी मान खाली घालून बसलो होतो. तेच म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही पैसे देऊ नका. तुमचा शब्द आम्हाला पुरे. तळ्याला कुंपण घालतोय, फाटकावर राखण तुम्ही करा. थोडा पगारही देऊ." मी लगेच हो म्हटलं. माझी पट्टी कामात वळती झाली. अण्णा उंबराखाली हेच म्हणत होता, हे माझ्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षं गेली.

कुंपण झालं, लोखंडी फाटक बसलं. धुणं बंद, जनावरं बंद. नाला मात्र तसाच राहिला, कारण तो बंद करायचा तर बंगल्यांनी सांडपाणी कुठं सोडायचं, ह्याला कुणाकडं उत्तर नव्हतं. किल्ली माझ्या कमरेला.

पहिल्या सकाळी अण्णा सहा म्हशी घेऊन आला.

"उघड, मिस्तरी."

"न्हाय उघडता येत, अण्णा. नियम झालाय. सभेत तू व्हतास की."

"व्हतो." त्यानं फाटकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला गाळातनं ओढल्याचं काढेल असं वाटलं. त्यानं काढलं नाही. "साकु," म्हणाला आणि म्हशी वळवायला लागला. पण त्या वळेनात. गंगी फाटकाला कपाळ लावून उभी राहिली, बाकीच्या तिच्यामागं. रस्ता अडला, रिक्षावाले शिव्या द्यायला लागले. अण्णानं काठी उचलली नाही. त्यानं म्हशींवर काठी कधी उचललीच नाही. अर्धा तास सगळे तसेच उभे. आत पाणी दिसत होतं.

हे दुसऱ्या दिवशी झालं, तिसऱ्या दिवशी झालं, पुढची तीन वर्षं झालं. म्हशींना दुसरा रस्ता ठाऊक नव्हता आणि सकाळी चरायला काढायचं तर गोठ्यातनं दुसरा रस्ता नव्हताही. रोज सकाळी त्या फाटकापुढं थांबायच्या. अण्णा त्यांच्याबरोबर थांबायचा. मी आतल्या बाजूला स्टुलावर बसलेला. मध्ये गज. आम्ही बोलायचो, नाही असं नाही. पाऊस कसा आहे, वैनीचा गुडघा कसा आहे. किल्लीवर मात्र आमच्यात एक शब्द झाला नाही. तो मागत नव्हता आणि मी देत नव्हतो. लोक म्हणतील, एक दिवस डोळा चुकवून सोडायच्या होत्यास. राखणीचा मी शब्द दिलेला होता. शब्द मागं घेतलेला माणूस मला बघवत नाही, आणि तो माणूस मीच असेन तर अजिबात नाही. शिवाय घरात तेवढाच पगार होता. हेही लिहून टाकतो.

गोठ्यात एक नळ, तोही एक तास. वैनी आणि अण्णा बादल्यांनी म्हशी भिजवायचे. तेवढ्यानं म्हैस निवत नाही. कातडी तडकायला लागली, दूध आटलं. आधी चंद्री विकली, मग बिजली. सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन, शेवटी एकटी गंगी. अण्णाचे पाय तेवढे वाळले. एकदा फाटकापुढं उभा असताना माझं लक्ष गेलं. टाचा काळ्या पडल्या होत्या, भेगा पडल्या होत्या. दुसऱ्याच कुणाचे पाय वाटत होते.

आत तळ्यावर केंदाळ पसरत होतं. म्हशी तुडवायच्या ते बंद झालं, भारा बंद झाला. समितीनं एकदा यंत्र आणलं, फोटो झाले, यंत्र गेलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी दिसेनासं झालं, नुसतं हिरवं रान. पहाटे दुर्बीण घेऊन येणारे डॉक्टर यायचे थांबले. तरी कुलूप होतं आणि मी होतो. कशाची राखण करतोय हे मी कुणाला विचारलं नाही.

मग एका सकाळी अण्णा नेहमीपेक्षा लवकर आला. गंगी एकटी बरोबर. देवळापाशी टेम्पो उभा होता, त्यात भांडी, गाठोडी, आणि पुढं वैनी बसलेली.

"कुठं निघालास?"

"पोरीकडं. शिरोळच्या अंगाला. तिथं नदी हाय म्हणत्यात."

"कायमचा?"

"बघू की."

गंगीनं सवयीनं फाटकाला कपाळ लावलं. मी स्टुलावरनं उठलो. कमरेची किल्ली काढली. कुलूप गंजलेलं होतं, किल्ली दोनदा फिरवावी लागली. फाटक पूर्ण उघडलं आणि बाजूला झालो. म्हटलं, "ने तिला आत."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मग गंगीचं दावं फाटकाच्या गजाला बाहेरच्या बाजूनं बांधलं. तिच्या कानाशी हळूच म्हणाला, "निल्लु."

"अरे ने की. मी उघडलंय."

"म्हसरांना बंदी हाय, मिस्तरी. तुजा शब्द हाय तो."

एकटाच आत आला. धोतर वर खोचलं, लिंगाची डबी पाठीवर टाकली आणि त्याच्या जुन्या वाटेनं उतरला. केंदाळात छातीपर्यंत गेला. म्हातारा झाला होता, दम लागत होता. कवेत धरून ओढलं, मुळं तुटली तसा आवाज झाला. भारा काठावर आणला, वाळायला पसरतात तसा नीट पसरला. पाय धुतले. डबी पुढं घेतली.

माझ्यापाशी आल्यावर म्हणाला, "साकु. लाव कुलूप."

टेम्पो हळू निघाला, गंगी मागं बांधलेली, चालत. देवळाच्या वळणावर अण्णाचे पाय तेवढे मला दिसले, टेम्पोच्या मागच्या फळीवरनं खाली सोडलेले. ओले होते.

मी कुलूप लावलं आणि पाण्याशी गेलो. जिथनं त्यानं भारा काढला होता तिथं एक जागा मोकळी झाली होती, म्हैस बसेल एवढी. तेवढं पाणी दिसत होतं, त्यात वरचं आभाळ. मी तिथंच बसून राहिलो. दुपारपर्यंत वारा सुटला, दोन्ही बाजूंचं केंदाळ सरकत आलं आणि ती जागा मिटली.